मोडलेल्या मोबाइलचा पंचनामा

शेतकऱ्याच्या घरांतील वस्तु मोडली म्हणजे ती कां मोडली हें पाहण्याची आपली जुनी चाल आहे. नांगराचा फाळ पहिल्याच तासाला वांकला तर तो लोहाराकडे परत जात असे. लोहार तो हातांत घेऊन उलटसुलट पाही; पोलाद कमी पडलें कीं पाणी बरोबर बसलें नाहीं हें त्याचें त्यासच कळे, आणि बहुधा एकही शब्द न बोलतां तो फाळ पुनः भट्टींत घाली. त्याबद्दल वेगळे दाम मागण्याची त्याची छाती होत नसे. कारण त्यास त्याच गांवांत राहावयाचें असे व सुगीच्या वेळीं बलुत्यासाठीं त्याच खळ्यावर यावयाचें असे. उलट, दगडावर आपटून आपणच फाळ मोडला असेल तर तेंही त्याच्या नजरेस येई, आणि मग शेतकरीही मुकाट्यानें दाम मोजी. या व्यवहारांत कायद्याचें पुस्तक कोठेंच नव्हतें. परंतु वस्तु कशानें मोडली हें दोघेही समोरासमोर बसून पाहत, आणि ज्यानें ती केली तो डोळ्यांसमोर असे.

आज आपल्या बंडीच्या खिशांत जी वस्तु अष्टौप्रहर असते, त्या मोबाइल फोनच्या बाबतींत या दोन्ही गोष्टी नाहींशा झाल्या आहेत. फोन करणारा कारखाना कोठें आहे हें आपणांस ठाऊक नसतें. विकणारा दुकानदार, 'मी फक्त विकतों,' म्हणून हात झटकतो. आणि फोन कां मोडला याचा निर्णय जिल्ह्याच्या गांवीं, सर्व्हिस सेंटरच्या टेबलापलीकडे बसलेला एक पगारी तरुण दोन मिनिटांत करून टाकितो. हा निर्णय बहुतेक वेळां एकाच ठशाचा असतो: 'ग्राहकाच्या हातून झालेली हानि, हमींत बसत नाहीं.' या एका शेऱ्याविषयींच मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

कोणी म्हणेल कीं, मोबाइल ही चैनीची चीज. तिच्या रडगाण्यास शेतकी मासिकांत जागा कशाला? असें म्हणणाऱ्यानें आपल्याच शिवारांत एक फेरी मारून यावी. सन २०२१ च्या १५ ऑगस्टपासून आपल्या राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि गांव नमुना बारामधील पिकाची नोंद, जी पूर्वीं तलाठी करीत असे, ती आपल्या शेतांत उभें राहून आपल्याच फोननें छायाचित्र काढून करण्याचें काम खातेदाराकडे आलें. बँकेंतून पैसे काढावयाचे तर खुणेचे आंकडे फोनवर येतात. बाजारसमितींतील भाव फोनवर येतो. कित्येकांच्या विहिरीवरील मोटारही घरबसल्या फोननेंच चालू व बंद होते. ज्या वस्तूवांचून सातबाऱ्यावरील पिकाचा रकाना कोरा राहूं शकतो ती चैनीची कशी? ती आतां औतांपैकींच एक औत झाली आहे, आणि औत जितकें टिकावें तितकें तें टिकलें पाहिजे असें म्हणण्याचा आपणांस अधिकार आहे.

मला हा विषय सुचला तो माझ्याच फजितीवरून. माझी सारी नोकरी तहसील कचेरींत कारकुनींत गेली. गतवर्षीं श्रावण सरतां सरतां मी आमच्या तुरीच्या रानांत पीक पाहणीची नोंद करण्यास गेलों होतों. फोन घेऊन तीन महिनेही झाले नव्हते. किंमत साडेतेरा हजार रुपये पडली होती. बांधावर बसून, चष्मा पुसण्याकरितां फोन मांडीवर ठेविला, तो घसरून खालीं पडला. मांडीपासून मातीपर्यंतचें अंतर वीत-दीड वीत. जमीन काळी, पावसानें भिजलेली, पायाचा ठसा उमटेल इतकी मऊ. दगड नाहीं, धोंडा नाहीं. उचलून पाहतों तों एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बारीक रेघ गेलेली आणि अर्धी स्क्रीन काळी. दुसऱ्या दिवशीं उरलेलीही गेली. पिकाची नोंद शेवटीं पुतण्याच्या फोनवरून, मुदत संपतां संपतां केली.

लाजेची गोष्ट पुढेंच आहे. जिल्ह्याच्या सर्व्हिस सेंटरांत गेलों. तेथील तरुणानें फोन दिव्याखालीं धरला, एक छायाचित्र घेतलें, संगणकांत कांहीं टिपलें आणि बारीक अक्षरांचा एक इंग्रजी कागद माझ्यापुढें सरकविला. "काका, इथें सही करा, म्हणजे फोन परत देतों." मीं सही केली. नवी स्क्रीन बसविण्यास सहा हजार दोनशें रुपये लागतील असें ऐकून फोन खिशांत घातला व एस. टी. धरली. घरीं आल्यावर पुतण्यानें तो कागद वाचून दाखविला. त्यांत असें होतें कीं, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळें जोराचा आघात होऊन हानि झाली असून ती गोष्ट ग्राहकास मान्य आहे. ज्यानें तीस वर्षें लोकांस 'जबाब वाचून घ्या, मगच अंगठा करा,' असें बजाविलें, त्यानें स्वतःच्या विरुद्धचा जबाब न वाचतां सही करून दिला!

महसूल खात्यांत ज्यानें काम केलें आहे त्यास नुकसानीचा पंचनामा म्हणजे काय हें सांगावयास नको. जागेवर जाऊन, पंचांसमक्ष, ज्याचें नुकसान झालें त्याचें म्हणणें ऐकून, डोळ्यांस जें दिसलें तें लिहावयाचें व लिहिलेलें वाचून दाखवून मग सह्या घ्यावयाच्या, असा तो कागद असतो. त्यांतही चुका होतात, लबाड्याही होतात, हें मी नाकारीत नाहीं. परंतु त्याची रीति तरी न्यायाची आहे. सर्व्हिस सेंटरचा शेरा हा पंचनामा नव्हे. ज्यानें माल केला त्याच्याच नोकरानें किंवा मक्तेदारानें, त्याच्याच जागेंत बसून, ज्याचें नुकसान झालें त्यास कांहीं न विचारतां तो लिहिलेला असतो. गारपिटीचा पंचनामा विमा कंपनीच्याच माणसानें, शेत न पाहतां, आपल्या कचेरींत बसून केला तर आपण तो मान्य करूं काय? मग येथेंच आपण मान कां डोलावितों?

भेग पडली आहे, एवढेंच त्या शेऱ्यांत खरें असतें. कां पडली हें त्यानें सिद्ध होत नाहीं. फोनची कांच ही साधी कांच नव्हे. तिला रासायनिक पाणी दिलेलें असतें. उष्ण क्षारांच्या द्रावांत ती ठेविली म्हणजे पृष्ठभागावरील सोडियमचे लहान कण निघून त्यांच्या जागीं पोटॅशियमचे मोठे कण बसतात, दाटी होते, आणि त्या दाटीमुळें वरचा थर आवळला जाऊन कांच बळकट होते. हा थर फार पातळ असतो. त्याहून खोल ओरखडा किंवा कडेला बारीक टवका राहून गेला म्हणजे थोड्या धक्क्यानेंही रेघ सरळ पलीकडे जाते. चौकट वांकडी बसली, किंवा आंतली बॅटरी फुगून तिनें आंतून रेटा दिला, तरी तोच परिणाम. जोराचा आघात झाला असेल तर त्या जागीं कांच बहुधा चुरलेली दिसते व तेथून चोहोंकडे रेघा फुटलेल्या असतात. जेथें असा चुरा कोठेंच नाहीं आणि एकच रेघ कडेपासून निघाली आहे, तेथें निदान शंका घेण्यास जागा आहे. दिव्याखालीं दोन मिनिटें फोन धरणाऱ्यास ही शंका येत नाहीं. येऊन उपयोगही नाहीं, कारण संगणकांत त्याला रकाने ठरवून दिलेले असतात.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. सन १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या जागीं सन २०१९ चा नवा अधिनियम आला व तो २० जुलै २०२० पासून अमलांत येऊं लागला. त्यांत 'दोष' या शब्दाची व्याख्या आहे. मालाच्या गुणांत, परिमाणांत, प्रभावांत, शुद्धतेंत किंवा दर्जांत असलेली कोणतीही उणीव म्हणजे दोष. आणि तो दर्जा कोणता, तर जो कायद्यानें ठरविला आहे तो, जो करारानें, मग तो करार स्पष्ट असो वा गर्भित असो, ठरला आहे तो, अथवा विकणाऱ्यानें आपल्या मालाविषयीं जो सांगितला आहे तो. यांतील शेवटचे शब्द फार मोलाचे आहेत. जाहिरातींत फोन जिन्यावरून पडतो, त्यावरून मोटार जाते, आणि तो हंसत उठून उभा राहतो! असें चित्र दाखवून जर माल खपविला असेल, तर तो माल बांधावरून मातींत पडून फुटतां कामा नये असें म्हणण्यास तीच जाहिरात आपला साक्षीदार होते. म्हणून फोन घेतांना जाहिरातीचा कागद फेकूं नये. पावतीबरोबर टांचून ठेवावा.

हमीपत्राविषयींही एक गैरसमज आहे. 'हमींत बसत नाहीं' म्हटलें कीं आपण समजतों, सर्व संपलें. हमीपत्र हें कंपनीनें आपण होऊन दिलेलें एक वचन आहे. कायद्यानें दिलेले हक्क त्याहून निराळे. इंग्रजी अमलांतला सन १९३० चा मालविक्रीचा अधिनियम अद्यापि चालू आहे. त्याच्या सोळाव्या कलमांत असें आहे कीं, त्या जातीच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, ही अट न लिहितांही गृहीत धरावयाची. खरेदीदारानें माल तपासून घेतला असेल व तपासतांना दिसावयास हवा असा दोष असेल, तर मात्र मागाहून बोलतां येत नाहीं. कांचेच्या पोटांतला दोष दुकानांत दिसणारा नव्हे.

येथें शेतकऱ्यास एक वेगळी भीति घातली जाते. फोन तुम्ही धंद्यासाठीं वापरतां, म्हणून तुम्ही ग्राहकच नव्हे, असें म्हणतात. हें चुकीचें आहे. व्यापारी हेतूनें घेतलेला माल अधिनियमानें वगळला आहे खरा. परंतु स्वतः राबून आपली उपजीविका करण्यासाठींच जो माल घेतला व वापरला, तो व्यापारी हेतूचा मानूं नये, असा खुलासाही त्याच कलमाखालीं आहे. आपल्या वाचकांपैकीं कित्येकांस बियाण्याचें प्रकरण आठवत असेल. सन २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणांत निर्णय दिला कीं, सदोष बियाणें घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे. निगमाचें म्हणणें असें होतें कीं, बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेंत गेला नाहीं, तेव्हां दोष सिद्ध कसा? न्यायालय म्हणालें, शेतकरी घेतलेलें सर्व बियाणें पेरतो; नमुना म्हणून मूठभर बाजूस ठेवील अशी अपेक्षा त्याच्याकडून करतां येत नाहीं, आणि इतर पुराव्यावरून दोष ठरविण्यांत चूक नाहीं. फोनचें तर बियाण्याहून सोपें आहे. फुटलेला फोन आपल्या हातांत असतो. तो पेरला गेलेला नाहीं!

व्यवहाराची माहिती थोडक्यांत देतों. तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे करावयाची, आणि ती आपण जेथें राहतों त्याच जिल्ह्यांत करतां येते; कंपनीची कचेरी बंगलोरला कीं दिल्लीला हें पाहण्याचें कारण उरलेलें नाहीं. मालाची किंमत पांच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाहीं. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत अर्ज गेला पाहिजे. आयोगास दोष काढून द्यावयास, वस्तु बदलून द्यावयास, पैसे परत करावयास व नुकसानभरपाई देण्यास सांगण्याचा अधिकार आहे. जरूर वाटल्यास तो फोन मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवितो. त्याचें शुल्क मात्र प्रथम तक्रारदारास भरावें लागतें. तपासणीची गरज नसल्यास तीन महिन्यांत व असल्यास पांच महिन्यांत निकाल व्हावा असें अधिनियमांत आहे. प्रत्यक्षांत तारखा पडत राहतात हेंही मी लपवून ठेवीत नाहीं. आयोगाकडे जाण्यापूर्वीं १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदत केंद्रास कळवावें. तें केंद्र हुकूम करूं शकत नाहीं, पण त्याची विचारणा गेली म्हणजे पुष्कळ कंपन्यांची भाषा बदलते. फोन ऑनलाइन मागविला असेल तर सन २०२० च्या नियमांप्रमाणें त्या बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्यानें ४८ तासांत पोच व एक महिन्यांत निवारण केलें पाहिजे. दुकानदारानें पावती न देणें ही त्याच अधिनियमाप्रमाणें अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'जीएसटी वांचतो, पावती राहूं द्या,' या गोडबोल्या सवलतीस जो भुलतो तो आपला सर्व पुरावा शेंकडा अठरा रुपयांस विकून येतो.

आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. नव्या अधिनियमांत उत्पादकाच्या दायित्वाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे व त्याची फार वाहवा होते. परंतु तें वस्तूमुळें माणसास किंवा दुसऱ्या मालमत्तेस इजा झाली तर लागू पडतें. बॅटरी पेटून हात भाजला तर त्या प्रकरणाचा आधार घ्यावा. नुसता फोनच मोडला असेल तर त्या वाटेस न जातां, मालांत दोष आहे एवढेंच म्हणावें.

आतां आपल्याही पदरीं काय आहे तें सांगितलें पाहिजे, नाहीं तर हा लेख एकतर्फी शेऱ्यासारखाच होईल. आपण फोन वरच्या खिशांत ठेवून विहिरींत डोकावतों. ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटींत पान्याशेजारीं तो टाकून देतों. बैलाच्या पायाखालीं आलेला, उसाच्या पाटांत भिजलेला फोन घेऊन कित्येकजण 'आपोआप बंद पडला' म्हणून टेबलाशीं भांडतांना मीं पाहिले आहेत. फोनच्या आंत ओल लागली कीं रंग बदलणारी चिठ्ठी असते. ती खोटें बोलत नाहीं. असल्या दहा लबाड्यांमुळें अकराव्या खऱ्या माणसावर विश्वास बसत नाहीं. दोष सिद्ध करण्याचा भार मूळतः तक्रारदारावर आहे, आणि जो एका बाबतींत खोटा ठरला त्याचें बाकीचें खरेंही आयोगापुढें टिकत नाहीं. पडला असेल तर पडला म्हणून सांगावें. किती उंचीवरून, कशावर, हेंही सांगावें. 'पडलाच नाहीं' या खोट्यापेक्षां 'वीतभरावरून मातींत पडला आणि तेवढ्यानें फुटला' हें खरें अधिक जोरकस आहे.

म्हणून माझें म्हणणें असें आहे कीं, फोन मोडला त्याच दिवशीं त्याचा पंचनामा आपण स्वतः करावा. यास सरकारी कागद लागत नाहीं; वहीचें पान पुरतें. तारीख, वेळ, जागा, जमीन कशी होती, फोन कोठून पडला, मोडण्यापूर्वीं तो कसा चालत होता, हें साध्या मराठींत लिहावें. जागेवर असलेल्या दोन माणसांच्या सह्या घ्याव्या. घरचींच माणसें असतील तर त्यांचींही चालतील, पण शेजारचा मिळाल्यास बरें. दुसऱ्याच्या फोननें मोडलेल्या फोनचीं व त्या जागेचीं छायाचित्रें काढावीं. चारी कडा, चारी कोपरे निरनिराळे यावे. मग सर्व्हिस सेंटरकडे जावें. तेथें जॉबशीट म्हणून जो कागद मिळतो तो समजावून घेतल्यावांचून सही करूं नये. शेरा मान्य नसेल तर सहीच्या वरच, 'शेरा मान्य नाहीं. फोन परत घेण्यापुरती सही,' असें मराठींत लिहावें. त्यांनीं हरकत घेतली तर सही न करतां त्या कागदाचें छायाचित्र घ्यावें व त्याच दिवशीं सर्व हकीकत कंपनीस व दुकानदारास पोचपावतीसह टपालानें कळवावी. उघडून दुरुस्त करण्याची घाई बाजारांतील कारागिराकडे करूं नये. तो बिचारा स्वस्तांत स्क्रीन बसवितो, पण फोन एकदां परक्या हातीं उघडला कीं मूळ दोष कोणता हें सांगणें कठीण होतें.

कोणी विचारील कीं, किती उंचीवरून पडून फोन टिकावा याचें माप काय? हीच तर खरी उणीव आहे. भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी फोनला लागू आहे, पण तिचा रोख विजेच्या व उष्णतेच्या धोक्यापासून माणूस सुरक्षित राहावा याकडे आहे. युरोपीय संघानें मात्र २० जून २०२५ पासून आपल्या बाजारांत येणाऱ्या नव्या फोनांसाठीं नियम घालून दिले आहेत. साधा स्मार्टफोन संरक्षक कवच न घालतां ४५ वेळां पाडला तरी चालता राहिला पाहिजे. बॅटरी ८०० वेळां भरून-उतरून तिची शंभरांतली ऐंशी शक्ति शिल्लक राहिली पाहिजे. आणि त्या नमुन्याची विक्री बंद झाल्यावरही सात वर्षें मुख्य सुटे भाग मिळाले पाहिजेत. असें माप ठरलेलें असलें म्हणजे तक्रारदारास आपल्या नशिबाची हकीकत सांगत बसावें लागत नाहीं. तो मापाकडे बोट दाखवितो. कापसाच्या धाग्याची लांबी, उसाचा उतारा, दुधाची फॅट, यांचीं मापें आपला माल घेतांना लोक आपल्यापुढें काटेकोरपणें मांडतात. आपण घेतों त्या मालाचें माप मागण्यांत संकोच कसला?

आपल्या सरकारनेंही या बाजूस पाऊल टाकिलें आहे. जुलै २०२२ मध्यें केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानें 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर एक समिति नेमली. तिच्यापुढें जीं क्षेत्रें ठेविलीं त्यांत मोबाइल व टॅब्लेट होते, घरगुती उपकरणें होतीं, मोटारी होत्या, आणि शेतीचीं अवजारेंही होतीं. हें जाणून मला मौज वाटली. फोनचा सुटा भाग न मिळणें आणि रोटाव्हेटरचा सुटा भाग ऐन पेरणींत न मिळणें हें एकच दुखणें आहे, हें दिल्लींत बसलेल्यांस उमगलें. आपल्याच सभांतून मात्र त्यावर एक ठरावही झालेला माझ्या ऐकिवांत नाहीं. टिकाऊपणाचें माप कायद्यांत यावें, असा ठराव आपल्या संघानें येत्या वार्षिक सभेंत करून केंद्रीय विभागाकडे पाठवावा अशी माझी सूचना आहे.

दुसरी सूचना याहून सोपी आहे व तिला दिल्लीची वाट पाहावी लागत नाहीं. संघाच्या कचेरींत एक नोंदवही ठेवावी. ज्या सभासदाचा फोन, पंप, फवारणीचें यंत्र, काहींही मुदतीच्या आंत मोडेल, त्यानें तींत एक ओळ लिहावी: कोणती वस्तु, कोणता नमुना, केव्हां घेतली, केव्हां व कशी मोडली, विकणाऱ्यानें काय उत्तर दिलें. एका माणसाची रेघ कडेपासून निघाली तर तो योगायोग. एकाच नमुन्याच्या पंधरा फोनांची रेघ त्याच कडेपासून निघाली तर 'पंधराही शेतकरी निष्काळजी' असें म्हणणाऱ्यास आयोगापुढें घाम फुटेल. एकाच प्रकारची तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीनें, आयोगाच्या परवानगीनें, एकानेंच अर्ज देण्याची सोय अधिनियमांत आहे. एका फोनपायीं जिल्ह्याच्या गांवीं चार खेपा, एस. टी. चें भाडें, बुडालेला दिवस, हा जो नेहमींचा आक्षेप, आणि तो खोटा नाहीं, त्यास हें एक उत्तर आहे. नोंदवही लिहिण्याचें काम कोणी घेत नसेल तर मी घेतों. रकाने आंखण्यांतच माझें आयुष्य गेलें आहे.

माझ्या स्वतःच्या प्रकरणाचें काय झालें हें वाचकांस जाणून घ्यावेसें वाटेल. मीं कंपनीस व दुकानदारास टपालानें कळविलें कीं, त्या इंग्रजी कागदावरील सही मजकूर न कळतां, केवळ फोन परत मिळावा म्हणून केली होती व तो शेरा मला मान्य नाहीं. उत्तर आलें; त्यांत तोच शेरा पुनः छापलेला होता. माझी बाजू कोठें दुबळी आहे हें मी ओळखून आहें. त्या दिवशींचा पंचनामा मजपाशीं नाहीं. शेजारच्या रानांत औत धरलेल्या गड्यानें फोन पडतांना पाहिला, तो जबाब देण्यास तयार आहे; पावती आहे, जाहिरातीचा कागद सुदैवानें पुतण्यानें वहीला कव्हर म्हणून घातलेला सांपडला; आणि फोन अजून कोणीही उघडलेला नाहीं. विरुद्ध बाजूस माझीच सही आहे.

दोन वर्षांची मुदत संपण्यास अजून कांहीं महिने अवकाश आहे. अर्जाचा मसुदा लिहून झाला असून पुढील आठवड्यांत तो दाखल करावयाचा आहे. जो काय निकाल लागेल तो, विरुद्ध लागला तरी, संपादकांनीं जागा दिल्यास याच मासिकांत कळवीन.